अंगावर पडणारं ऊन अंगावरच साठवायचं कसं?

एप्रिल-मे महिन्यात परभणी-जालन्याकडे भर दुपारी उघड्या रानात उभ्या असलेल्या माणसावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० मिलिवॅट (एक मिलिवॅट म्हणजे वॉटचा हजारावा भाग) एवढी सौरऊर्जा पडत असते. डोक्यावरच्या टोपीचा भाग वीतभर लांब आणि वीतभर रुंद धरला, तर तेवढ्याच जागेवर ४० वॉटहून जास्त. घरातला एलईडी बल्ब ९ वॉटवर चालतो. म्हणजे चार बल्बांची ऊर्जा रोज आपल्या डोक्यावर येते, आणि आज ती फक्त डोकं तापवते.

दुसऱ्या बाजूला अंगावर वापरायची विजेची साधनं वाढत चालली आहेत. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, नाडीचे ठोके मोजणारा बँड, कानातलं श्रवणयंत्र, रात्री दारं धरायला जाताना डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे दिवा. शेवटचं साधन शहरातल्या लेखांत कधी येत नाही, पण मराठवाड्यात अंगावर वापरलं जाणारं सगळ्यात गरजेचं विजेचं साधन तेच असावं, असं मला वाटतं. या सगळ्यांना चार्जर लागतो, चार्जरला लाइट लागते, आणि शेतातल्या आखाड्यावर लाइट कधी असेल याचा नेम नसतो. मग ऊन गोळा करणारी प्लेट आणि ते साठवणारी बॅटरी, दोन्ही त्या साधनातच बसवल्या तर? जगभरातल्या प्रयोगशाळा यावर काम करत आहेत. त्यांची कल्पना नेमकी काय आहे, ती कुठं चालते आणि आपल्या उन्हात कुठं अडते, ते समजून घेऊ.

आधी हे दोन भाग वेगळे ओळखले पाहिजेत. मराठवाड्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळून जातो. म्हणून शेततळं लागतं. तळं किती मोठं खोदायचं हे दोन गोष्टींवर ठरतं : पावसात किती पाणी येणार आणि उन्हाळ्यात पिकाला किती लागणार. शिवाय अस्तर नीट नसेल तर पाणी झिरपतं, आणि उघडं असेल तर वाफ होऊन जातं. अंगावरच्या सौर साधनाचं गणित असंच आहे. प्लेट म्हणजे पाऊस, बॅटरी म्हणजे तळं, साधनाचा वापर म्हणजे पीक. तिन्हींचा मेळ बसला नाही तर एकटी चांगली प्लेट काही कामाची नाही.

आता प्लेट. सौरघटात सिलिकॉनचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असावेत आणि दुसऱ्यात कमी, यासाठी त्यांत वेगवेगळी द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेली असतात. दोन थर जिथं भेटतात तिथं एक कायमचा विद्युत दाब तयार होतो. प्रकाशाचा कण येऊन इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो, आणि हा दाब त्याला एकाच दिशेनं ढकलतो. बाहेरून तार जोडली की इलेक्ट्रॉन तारेतून फिरून परत येतात. हाच विद्युतप्रवाह. मात्र इलेक्ट्रॉन उठवायला ठरावीक ऊर्जा लागते. प्रकाशकणात ती कमी असेल तर तो वाया जातो, आणि जास्त असेल तर वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळं एकाच पदार्थाचा घट उन्हातल्या ऊर्जेपैकी फार तर एक तृतीयांश वीज देऊ शकतो. ही मर्यादा शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्येच मांडली होती. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९५४ साली तयार झालेला पहिला उपयोगी सिलिकॉन घट ६ टक्के ऊर्जेची वीज करत होता. आज छतावरच्या चांगल्या प्लेटा २० टक्क्यांच्या पुढं आहेत. वाकणाऱ्या, अंगावर शिवता येतील अशा पट्ट्यांसाठी मी पुढं १५ टक्के धरतो.

वाकण्याचं गुपित जाडीत आहे. जाड वस्तू वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडकते. तीच वस्तू पातळ केली की ताण त्याच प्रमाणात कमी होतो. नेहमीचा सिलिकॉनचा तुकडा दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो आणि हातात मोडतो. ६० मायक्रॉनपर्यंत पातळ केलेला, कडा गोलसर केलेला सिलिकॉन कागदासारखा वळतो आणि तरी २४ टक्क्यांवर वीज देतो, हे चीनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं.

आता साधनांची भूक पाहू, कारण सगळं तिच्यावर ठरतं. काट्याच्या साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाला काही मायक्रोवॉट पुरतात. एक मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. नाडी आणि पावलं मोजणाऱ्या बँडची बॅटरी साधारण १८० मिलिअँपिअर-तासांची असते आणि बारा-तेरा दिवस चालते. यावरून त्याची सरासरी भूक २ मिलिवॅट निघते. मोठ्या रंगीत पडद्याचं स्मार्ट घड्याळ दीड दिवसात बॅटरी संपवतं, त्याची भूक ३० मिलिवॅटच्या घरात जाते.

मनगटावर प्लेटसाठी जागा मिळून मिळून १० चौरस सेंटिमीटर. कडक ऊन, १५ टक्के वीज, म्हणजे १५० मिलिवॅट. पण मनगट कधी सूर्याकडं सरळ नसतं, बाही वर येते, धूळ बसते. अर्धं धरा, ७५ मिलिवॅट. बँडला दिवसभरात ४८ मिलिवॅट-तास लागतात, म्हणजे तासभर ऊन पुरलं. स्मार्ट घड्याळाला ७२० मिलिवॅट-तास लागतात, त्यासाठी दहा तास उन्हात हात धरून बसावं लागेल. तेवढा वेळ कडक ऊन मराठवाड्यातही नसतं. म्हणूनच बाजारातल्या सौर घड्याळांत प्लेट बॅटरीला हातभार लावते, पूर्ण भार उचलत नाही. गार्मिन कंपनी तिच्या सौर घड्याळांची मुदत सांगताना रोज ३ तास ५० हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेडात राहण्याचं गृहीत धरते. ऑफिसात बसणाऱ्याला ही अट अवघड आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला रोजच त्याहून जास्त ऊन मिळतं.

घरातला उजेड मात्र आपल्या डोळ्यांना फार फसवतो. खोली लख्ख दिसते, पण तिथं ५०० लक्सही नसतात. कडक उन्हात १ लाख लक्स असतात. घरात तीच मनगटावरची प्लेट एका मिलिवॅटचा काही अंश जेमतेम देईल. एवढ्यावर काट्याचं घड्याळ चालतं, कॅल्क्युलेटर चालतो, बाकी काही नाही. त्या कॅल्क्युलेटरवरच्या काळपट पट्टीत वेगळ्या प्रकारचं सिलिकॉन असतं, ज्यातले अणू शिस्तीत रचलेले नसतात. १९७६ मध्ये कार्लसन आणि रॉन्स्की यांनी त्याचा घट बनवला. उन्हात तो मागं पडतो, पण घरातल्या दिव्याचा उजेड त्याला चांगला मानवतो.

हे गणित येत असेल तर दुकानातली फसगत टळते. ‘सोलर पॉवर बँक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर तळहाताएवढी प्लेट असते. १०० चौरस सेंटिमीटर आणि वरचे १५ टक्के धरले तर भर उन्हात दीड वॉट. आतली बॅटरी २० हजार मिलिअँपिअर-तासांची असेल तर ती ७४ वॉट-तासांची झाली (मिलिअँपिअर-तासांना ३.७ व्होल्टनं गुणायचं आणि हजारानं भागायचं). रोज ५ तास कडक ऊन दिलं तरी तिला दहा दिवस लागतील. आणि त्या दहा दिवसांत लिथियमची बॅटरी मे महिन्याच्या उन्हात तापत पडलेली असेल. हे धोक्याचं आहे, कृपा करून करू नका.

इथून आपण तळ्याकडं, म्हणजे साठवणुकीकडं येतो. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

वीज साठवायच्या दोन मुख्य रीती आहेत. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एका बाजूच्या पदार्थाच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात, आणि वापरताना परत येतात. एका किलोत १५० ते २५० वॉट-तास मावतात, म्हणून ती हलकी पडते. सोनीनं १९९१ मध्ये ती बाजारात आणली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना याच कामासाठी मिळालं. पण आयनांची ही ये-जा पदार्थ थोडी थोडी झिजवते. ५०० ते १००० वेळा चार्ज झाली की क्षमता उतरायला लागते.

सुपरकॅपॅसिटरमध्ये असं शिरणं-निघणं नसतं. अतिशय सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर आयन नुसते येऊन चिकटतात आणि सुटतात. त्यामुळं तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. तोटा असा की किलोमागं ५ ते १० वॉट-तासच मावतात आणि ठेवलेली वीज हळूहळू आपोआप उतरते. उसाच्या फडात पानांची सावली क्षणाक्षणाला पडते आणि हटते, तिथं असे झटके झेलायला सुपरकॅपॅसिटर उत्तम. रात्रीसाठी राखून ठेवायचं असेल तर बॅटरीच हवी. चांगल्या रचनेत दोन्ही असतात.

प्लेट आणि बॅटरी नुसत्या तारेनं जोडून भागत नाही, हेही सांगायला हवं. सिलिकॉनचा एक घट अर्धा व्होल्ट देतो, लिथियम बॅटरी पूर्ण भरायला ४.२ व्होल्ट लागतात. एकामागं एक घट जोडून दाब वाढवता येतो, पण मग त्यातल्या एकावर बाहीची सावली पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह त्या एका घटाएवढा उतरतो. म्हणून मध्ये एक छोटी चिप बसवतात. ती कमी दाब चढवते, प्लेटकडून त्या क्षणी जास्तीत जास्त किती काढता येईल ते शोधत राहते, आणि बॅटरी भरली की थांबवते.

आता एकत्रीकरणाची गोष्ट. जपानमधले त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी ताकुरो मुराकामी यांनी २००४ मध्ये एकाच बारीक रचनेत प्रकाश पकडणारा आणि वीज साठवणारा थर पाठीला पाठ लावून बसवला, आणि त्याला ‘फोटोकॅपॅसिटर’ म्हटलं. मधली तार गेली, जागा वाचली, वजन घटलं. याच मियासाकांच्या गटानं २००९ मध्ये पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे पहिले सौरघट दाखवले. तेव्हा ते ३.८ टक्के वीज देत होते, आज प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढं गेले आहेत. पेरोव्स्काइटचा थर शाईसारखा पसरवता येतो, त्याला जास्त तापमानाची भट्टी लागत नाही, म्हणून तो पातळ पट्टीवरही बसतो.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये जयन थॉमस यांच्या गटानं हे दोन धागे एकत्र आणले. तांब्याची बारीक, वाकणारी फीत घेतली. तिच्या एका अंगाला पेरोव्स्काइटचा सौरघट, दुसऱ्या अंगाला सुपरकॅपॅसिटर. आणि या फिती टेबलावर मावणाऱ्या छोट्या हातमागावर सुतासोबत विणून कापडाचा तुकडा तयार केला.

मराठवाड्याच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पैठणच्या मागावर धातू शतकानुशतकं विणला जातोय. जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चपटी धातूची तार, आणि स्वस्तातल्या जरीत आत तांबंच असतं. धातूची पट्टी मागावर तुटू न देता, पीळ न पडू देता कशी घालायची, हे पैठणीच्या आणि हिमरूच्या विणकरांच्या बोटांत आहे. उद्या अशा फितींचं कापड खरंच बनवायचं ठरलं, तर त्या कामात विणकर पहिल्या दिवसापासून बसलेला असावा असं मला मनापासून वाटतं. कारण खरी अडचण मागावरच येते. प्रत्येक फितीला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकांना वीज बाहेर काढणारा जोड लागतो. वीतभर कापडात शेकडो जोड होतात. ते सगळे काठाला आणून कसे बांधायचे, एक तुटला तर बाकीचे कसे चालत राहतील, आणि तो काठ धुण्याच्या दगडावर आपटल्यावर टिकेल का? घामातलं मीठ तांब्याला खातं. पेरोव्स्काइटला ओल अजिबात सोसत नाही, शिवाय त्यात शिसं असतं. ते त्वचेला लागू नये म्हणून पक्कं आवरण हवं, आणि पक्कं आवरण घातलं की कापड श्वास घेत नाही. ४२ अंशांच्या उन्हात श्वास न घेणारा सदरा कोण घालेल?

उष्णतेचा मुद्दा इथं संपत नाही. उन्हात काळी प्लेट हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त तापते, म्हणजे मे महिन्यात ६५ अंश सहज. सिलिकॉनची वीज दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं घटते, आणि तिचं मोजमाप २५ अंशांवर केलेलं असतं. म्हणजे ४० अंशांच्या फरकात १६ टक्के गेले. हे सोसता येईल. पण तिच्या पाठीलाच लिथियम बॅटरी चिकटवली असेल तर? नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. चांगल्या साधनात तापमान पाहणारा भाग असतो, तो चार्जिंग बंद करतो. परिणाम असा की ऊन सगळ्यात जास्त असतं नेमकं तेव्हाच साठवण थांबते. स्वस्त साधनात तो भाग नसतो, आणि बॅटरी फुगते. मनगटावर निदान शरीराची बाजू ३५ अंशांच्या आसपास राहते आणि उष्णता ओढून घेते. टोपीवर तो आधार नाही.

म्हणून मला असं वाटतं की प्रयोगशाळेत प्लेट आणि बॅटरी जितकी एकमेकांत मिसळेल तितकं चांगलं मानलं जात असलं, तरी आपल्याकडं दोघांत अंतर ठेवणं शहाणपणाचं आहे. ऊन डोक्यावर गोळा करा, साठवण कमरेच्या सावलीतल्या खिशात ठेवा, मध्ये एक मऊ तार. जिथं एकत्रच बसवायचं असेल तिथं सुपरकॅपॅसिटर घ्या, किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट या वेगळ्या रसायनाच्या लिथियम बॅटरीचा सेल. हा सेल थोडा जड असतो, पण उष्णता जास्त सोसतो, सहसा पेट घेत नाही आणि २००० वेळा चार्ज होऊनही काम देतो.

मग आज, हाताशी असलेल्या तंत्रातून, हे कुठं बसतं? पहिली जागा माणसाच्या अंगावर नाही, गुरांच्या गळ्यात आहे. लाल कंधारी किंवा देवणी गाय दिवसभर रानात असते. गळपट्ट्यातला हालचाल मोजणारा सेन्सर ती किती चालली, किती वेळ रवंथ केलं, माजावर आली का, हे टिपतो आणि अधूनमधून क्षणभर रेडिओ संदेश पाठवून परत झोपतो. सरासरी भूक एक मिलिवॅटपेक्षाही कमी ठेवता येते. १० चौरस सेंटिमीटरची प्लेट त्याला भरपूर झाली. पट्टा फिरून प्लेट खाली जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला थोडं वजन लावावं लागतं, एवढंच.

दुसरी जागा ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखांच्या घरात माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात, आणि हंगाम लांबला की मार्च-एप्रिलच्या उन्हातही तोड चालू असते. नाडीचे ठोके आणि त्वचेचं तापमान पाहून ‘आता थांबा, पाणी प्या’ असं सांगणारा २ मिलिवॅटचा बँड तासभर उन्हावर दिवसभर चालेल, ते गणित वर आलंच आहे. राहुटीत चार्जर नसला तरी तो बंद पडणार नाही. फक्त त्या बँडची माहिती कामगाराकडंच राहिली पाहिजे. ती मुकादमाच्या मोबाइलवर जाऊन कोण किती वेळ बसलं याची नोंद होणार असेल, तर असं साधन न आलेलंच बरं. आणि सावली, पाणी, विश्रांती यांची सोय नसेल तर इशारा ऐकून माणूस थांबणार तरी कुठं?

तिसरी जागा डोक्याची बॅटरी. ज्या गावांत शेतीची लाइट अजून रात्रीच्या पाळीत येते, तिथं अंधारात, चिखलात, सापाची भीती मनात ठेवून दारं धरावं लागतं. दिवसा टोपीवरच्या १०० चौरस सेंटिमीटरच्या पट्टीनं गोळा करायचं आणि रात्री दिवा लावायचा. दीड वॉटातून उष्णतेचे १६ टक्के वजा करा, कोन, धूळ आणि सावलीसाठी अर्धं सोडा, तरी सहा तासांत साडेतीन वॉट-तासांहून थोडं जास्त जमतं. चार्जिंगमधलं नुकसान धरून ३ वॉट-तास हाती. एक वॉटचा एलईडी तीन तास, किंवा अर्ध्या उजेडावर सहा तास. ढगाळ दिवस आला तर काय, म्हणून साठवण दीडपट ठेवायची : १८६५० मापाचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) १५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ४.८ वॉट-तास धरतो. सेल कमरेच्या पट्ट्यात, चामडी किंवा कापडी खिशात.

यातला एकही भाग नवा शोधायचा राहिलेला नाही, सगळे बाजारात सुटे मिळतात. बनवणाऱ्यानं दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. डबा गोंदानं न चिकटवता स्क्रूनं बंद करावा, आणि सेल वेल्डिंग न करता खाचेत बसवावा. मग चार वर्षांनी सेल थकला की उदगीर किंवा गेवराईच्या बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला तो पाच मिनिटांत बदलून देईल, आणि प्लेट, दिवा, तार तशीच पुढं चालत राहील.